एकशे अठरा सेंटीमीटर

२५ मार्च
पोचलो. बसमधून उतरल्यावर अवनी धावतच सुटली. टेकडीवर चर्च, खाली चाळीस घरं, मध्ये सफरचंदाच्या बागा. छताची दुरुस्ती सुरू होण्याआधी इन्स्टिट्यूटला संपूर्ण मोजमाप हवं आहे. दोन आठवड्यांचं काम. अवनीला ईस्टरची सुट्टी आणि तिच्या बाबाला, प्रणवला, उर्लाउब नाही, रजाच मिळेना, म्हणून ती माझ्याबरोबर. तिच्या दम्याचे दोन पंप आणलेत. चर्चची देखभाल करणाऱ्या फ्राऊ आयझेले यांच्याकडे खोली मिळाली. त्या अवनीला ‘मॉइसले’ म्हणतात, उंदीरबाळ. अवनी खूश.

२६ मार्च
चौदाव्या शतकातलं बांधकाम. पिवळा वालुकाश्म. यात्रेकरूंचं दार मुद्दाम बुटकं, वाकूनच आत यावं लागतं. उत्तरेच्या तिसऱ्या खांबावर शेकडो आडव्या रेघा. नोंदवहीत लिहिलं : गवंड्यांच्या आखणीच्या खुणा. प्रोफेसरांना तसं कळवलंही.
फोटोत ठेवायची मोजपट्टी घरी राहिली. तिच्याऐवजी अवनीला खांबाला टेकून उभं केलं. उंची माहीत होती, निघताना मोजली होती : ११८. ती कंटाळली. दमलीस का, मराठीत विचारलं, जर्मनमध्ये उत्तर आलं.

२७ मार्च
रात्रभर खोकला नाही. दिवसभर पंप लागला नाही. सात वर्षांत प्रथमच. प्रणव फोनवर म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर, खेड्यातली हवा, मी सांगतच होतो. त्याने कधीच सांगितलं नव्हतं.

२८ मार्च
खांबावर नवी रेघ. ११८वर.
फ्राऊ आयझेलेंना तो फोटो दाखवला. त्या खाली बसल्या. मग सांगितलं. आजारी मुलाला तिथे उभं करत. दगड आजार घेतो. पण फुकट घेत नाही, मुलाची उंचीही घेत जातो, घरातलं दुसरं कुणी त्याच्या जागी उभं राहीपर्यंत. वरच्या रेघा आयांच्या. बापांच्या कुठल्या, विचारलं. बाप शेतावर असत, म्हणाल्या.
मी हसले. काहीतरीच, म्हटलं.

२९ मार्च
११६.५. टेप लेझरने तपासला. टेप बरोबर आहे.

३० मार्च
११५. प्रणवचं म्हणणं, तीन सेंटीमीटर म्हणजे टॉलरन्स, मोजण्यातला फरक, तू दमली आहेस. लगेच ये म्हटलं. प्लांटमध्ये नव्या मॉडेलचं काम आहे, पुढच्या शनिवारी येईन, म्हणाला. मागून सासूबाईंचा आवाज : मुलीला ब्रेडवर ठेवल्यावर दुसरं काय होणार? त्यांना म्हटलं, अहो आई, ती व्यवस्थित जेवते. तोवर फोन ठेवला होता.

१ एप्रिल
अवनीला शहरात, हाइलब्रॉनला नेलं. सुट्टीच्या दिवशीचा डॉक्टर. फुप्फुसं उत्तम, म्हणाला. उंचीची जुनी नोंद चुकली असेल. कुणी केली होती? मी म्हटलं, मीच. त्याने मान डोलावली, आयांना समजून घेतल्यासारखी.
तिथेच मोजली. १०९. म्हणजे गाव सोडूनही —

२ एप्रिल
१०६. बुटांतून पाय निसटतात. नळाला हात पोचत नाही. रडत नाही, गाते. श्वास इतका स्वच्छ.
दुपारी खांबाला टेकून उभी राहिले. रेघ स्वतः ओढली. १५८.
रेघांमध्ये एकशे पासष्टच्या वर एकही नाही. सगळ्या मोजल्या.

३ एप्रिल
अवनी १११. मी १५१.

४ एप्रिल
अवनी ११८. खोकला नाही.
मी १३३. फ्राऊ आयझेले भेटल्या. माझ्याशी बोलताना वाकल्या. मॉइसले म्हणाल्या, मला.
प्रोफेसरांना दुरुस्ती कळवायला हवी होती. आखणीच्या खुणा नाहीत. त्या — लॅपटॉप उघडत नाही, झाकण जड.

५ एप्रिल
मोजायला कुणी नाही. टेबलाच्या खालची बाजू दिसते.
प्रणवचा फोन. अवनीने धरला. तुझा आवाज तुटतोय, म्हणाला, रेंज नसेल. लवकर ये म्हटलं. आल्झो, बरं मग, उद्या अकरापर्यंत, ट्रॅफिक नसेल तर.
अवनी मला उचलून खिडकीत ठेवते. आधी हसायची. आता हसत नाही. काल ‘आई’ अशी हाक मारली. आज काहीच —

६ एप्रिल
पेन्सिलीचा तुकडा दोन्ही हातांनी. उंबऱ्यामागे. गाडी आली.
अवनी धावली. न थांबता, न धापता. एवढं तरी —
प्रणव म्हणाला, छान दिसतेस की. उंचीबिंची सगळी ठीक. तुझी आई ना, उगाच. कुठे आहे ती?
आत्ता इथे होती, ती म्हणाली. जर्मनमध्ये.
तो बॅगा भरतोय. मी हाक मारली. पुन्हा मारली. दोघांनी वळून पाहिलं. बागेकडे. दाराकडे. खाली कुणी —
बूट येतोय, त्याचा, उंबऱ्याव—