ताईची हिरडी, माझं तोंड

२० जानेवारी, मंगळवार

सकाळपासून पाण्याचे जार. पंचवटीत तिसरा मजला, लिफ्ट बंद. वॉचमनशी वाजलं. मालक म्हणाला, "अक्षय, तुला पाणी द्यायला ठेवलंय, आग लावायला नाही."

घरी आलो तर ताई शाल गुंडाळून उन्हात बसलेली. सातवा महिना, इगतपुरीहून बाळंतपणाला आलीय. डावा गाल टम्म. हिरडी सुजलीय, पू येतोय. डेंटिस्टकडे चल म्हटलं, तर आई मधे: "पोटुशी बाईच्या दाताला हात लावायचा नसतो. लवंग धर गं." लवंगच धरतेय कधीची.

स. ला विचारावं का? मी कॉलेज अर्धवट सोडल्यापासून तिचा एकच फोन. माझा लॅबचा अ‍ॅप्रन तिच्याकडे राहिलाय म्हणून. आणायला गेलो नाही. राहू दे तिच्याकडे.

२२ जानेवारी, गुरुवार

केला फोन.

"ताईसाठी केलास की माझ्यासाठी?"

"ताईसाठी." (अर्धं खोटं.)

स. आता मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करतेय. तिचं बोलणं ऐकत राहिलो, आधी नुसता आवाज, मग अर्थ. म्हणाली, बाळ अर्धं वडिलांचं. आईच्या शरीराला तसं परकंच. तरी शरीर त्याच्यावर धावून जात नाही, कारण पेशी एकमेकींना सारखे निरोप देत असतात. काही निरोप 'मारा' असे, काही 'बास, थांबा' असे. गरोदरपणात 'थांबा' वाल्यांचं जास्त चालतं. त्यांच्यामुळे बारीकसारीक सूज तिथल्या तिथे विझते. पण कुठेतरी पू धरला, जंतू रक्तात उतरले, की 'मारा' वाल्यांचा गोंगाट वाढतो. मग गर्भाशयाला वाटतं, वेळ झाली. कळा सुरू.

"हिरडीचं पोटापर्यंत जातं?"

"जाऊ शकतं. ताप आला तर एक दिवसही थांबू नका." मग हसली. "तुझ्यात तो 'थांबा' वाला निरोप दिलेलाच नाही बघ."

दिवसभर तेच डोक्यात. हसली ते.

२४ जानेवारी, शनिवार

ताईचा हात गरम. म्हणते उन्हामुळे. सावलीत बसली होती.

"अक्क्या, उद्याचं होऊ दे. त्यांची माणसं गाडी करून येणारेत. सोमवारी नक्की जाऊ."

स. म्हणाली ते आईला सांगितलं. आई पुरणाचं बघत होती. "तुझ्या त्या मैत्रिणीला पोरं झालीत का किती?"

ताट सरकवलं, बाहेर पडलो. गोदाकाठी बसलो. काय उपयोग.

२५ जानेवारी, रविवार

डोहाळजेवण. सोसायटीच्या हॉलमध्ये थर्माकोलचा चंद्र, त्यात ताई. फुलांचे दागिने. फोटोवाल्याला म्हणे, उजवीकडूनच काढा. सगळ्या फोटोंत अर्धीच ताई.

वाटी उघडायला लावली. बर्फी निघाली. मुलगी! टाळ्या. आणि ताईला ती बर्फी चावता येईना. तोंडात धरून बसली, डोळ्यांत पाणी. बायका म्हणाल्या, आनंदाश्रू.

मी जाऊन कपाळाला हात लावला. फणफणलेलं. मग सुटलोच. "अंगात ताप आहे तिच्या! उठवा तिला, दवाखान्यात न्या! गाणी बंद करा!"

मग ताईच्या सासूबाई: "याचं काय, हा चहात साखर कमी पडली तरी असाच ओरडतो." हशा. भाऊजीही हसले. आईने शर्ट ओढत बाहेर नेलं. "चारचौघांत शोभा नको करू रे."

खरंय. मी वॉचमनवर ओरडतो, सिग्नलवर ओरडतो, भाजीत मीठ नसलं तरी ओरडतो. आज खरं कारण होतं तर कोणाला वेगळं ऐकूच गेलं नाही.

ताईने लांबूनच मान हलवली. सोमवारी.

२६ जानेवारी, सोमवार

सोमवार आला. उजाडताच ताईचं पोट दगडासारखं आवळायला लागलं. भाऊजींना घाबरून गाडी सुरू करता येईना. जारच्या टेम्पोत नेलं. झेंडावंदनाची पोरं रस्त्यात. मागे रिकामे जार धडधडत होते. ताई पुढे, आई तिला धरून.

डॉक्टरबाई: "ताप कधीपासून? दात गरोदरपणातही दाखवता येतो. उलट दाखवायलाच हवा. कोणी सांगितलं नाही?"

सगळे फरशीकडे बघत होते. आईही. तोंडापर्यंत आलं होतं. आईचा चेहरा बघितला आणि

नाही बोललो.

कळा थांबवायचं सलाइन. जंतूंवर इंजेक्शन. आणखी एक बाळाच्या फुप्फुसांसाठी, लवकर आलंच तर म्हणून. पू काढायला दाताचे डॉक्टर इथेच आले.

२७ जानेवारी, मंगळवार

ताप उतरतोय. कळा येतात, जातात. नर्सशी बेडवरून वाजणारच होतं, ताई म्हणाली, "तू ओरडलास ना, की माझं पोट आवळतं." तेव्हापासून कुजबुजतोय. घसा दुखतो कुजबुजून.

स. आली. पिशवीत माझा अ‍ॅप्रन, धुऊन, इस्त्री करून.

विचारलं, टिकेल का?

"शरीर धरून ठेवायला बघतंच. औषध त्याला वेळ मिळवून देतं. पुढचं मला नाही सांगता येत. हिरडीमुळेच झालं असंही कोणी छातीठोक सांगणार नाही. हे आईला सांग. त्या जेवल्या नाहीयेत."

गेली. अ‍ॅप्रन परत केला म्हणजे संपलं, की इस्त्री केली म्हणजे... विचारलं नाही. कॉलेजचंही ती काही बोलली नाही.

२८ जानेवारी, बुधवार

सासूबाई आल्या. बेडशेजारी बसल्या बसल्या: "आमच्याकडे होती तोवर धडधाकट होती. माहेरी आली आणि हे."

आईने मान खाली घातली. ताईने माझ्याकडे बघितलं. एक हात पोटावर.

थर्मास उघडला. कपात चहा ओतला, सासूबाईंच्या हातात दिला. "घ्या मावशी, गरम आहे."

एक घोट घेतला त्यांनी. "साखर कमी आहे रे."

"आणतो."

ताई हसली. सुजलेल्या बाजूनेसुद्धा.

खाली टपरीवरून साखरेची पुडी घेऊन वर आलो तर बेड रिकामा. परत पोट आवळायला लागलं म्हणून आत लेबर रूममध्ये नेलंय, नर्स म्हणाली. भाऊजी दाराशी उभे. आई आणि सासूबाई एकाच बाकावर, मधे गार झालेला कप. पुढचं कोणी काही सांगत नाही, आणि मी विचारत नाहीये, कारण विचारलं तर आवाज चढेल आणि तो आत जाईल.

जिन्यात बसून लिहितोय. पुडी मुठीत आहे.