यानावरची काजळी

तंजावूर,
१८ सप्टेंबर २०२५

प्रिय मुरलीअण्णा,

सुप्रभाचा नमस्कार. आम्ही दोघं बरी आहोत, तूही असशील. फोनवर तुझं 'हं' सोडून काही ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहिते. अप्पांनी मारून-मुटकून शिकवलेली देवनागरी विसरला असलास तर अक्षर लावत वाच, पण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

राजवाड्यामागचा रस्ता पुन्हा खणलाय. अप्पा अजून देवांची चित्रं करतात, पण हात कापतो, म्हणून सोन्याचा वर्ख मी लावते. सोमवारी नवरात्र बसतंय, पायऱ्यांवर बाहुल्या रचून कोलू मांडायचं. काल बाहुल्यांची ट्रंक उघडली.

तळाशी, अप्पांच्या नेसायच्या जुन्या वेष्टीत गुंडाळलेलं तुझं अवकाशयान होतं.

तेच. किटमधलं प्लॅस्टिकचं, ज्याला तू रिफिली, टूथपेस्टची झाकणं, आजोबांच्या घड्याळाची चाकं चिकटवत आठ महिने बसलेलास. वितळलेला पंख अप्पांनी चित्रांना उठाव द्यायच्या चॉक-डिंकाच्या लेपानं भरलाय. इंजिनांमागे काजळी, पत्र्यावर गंजाचे ओघळ, सगळं तुझ्या कपाटावरच्या फोटोत आहे तसंच. जन्मभर देवांना सोनं चढवणाऱ्या माणसानं वर्खाचा कणसुद्धा लावलेला नाही. नुसता मळ रंगवलाय. मी तिथंच फतकल मारून बसले.

आता नऊ वर्षं गिळून बसलेलं सांगते. ते अप्पांनी नासवलं नव्हतं. मी नासवलं.

आई गेल्यावर वर्ष सरून पहिलंच कोलू, सगळं माझ्या अंगावर. पितळ चिंचेनं घासलं, बाहुल्या पुसल्या. दरवर्षी एक नवी बाहुली लागते ना, म्हटलं यंदा अण्णाचं यानच पायरीवर ठेवू. बघते तर काळंकुट्ट, गंजलेलं. पाण्यानं जाईना, म्हणून अप्पांचं चौकटींच्या पॉलिशचं थिनर घेतलं. यान खरंच उडून आल्यासारखं दिसावं म्हणून तो मळ तूच जीव ओतून रंगवला होतास, हे मला काय ठाऊक? पंख हातात लोण्यासारखा मऊ झाला. मी ते टाकून पळाले.

तू आलास, थिनरचा डबा पाहिलास आणि अप्पांना नको नको ते बोललास. ते त्याला 'प्लॅस्टिकचा कचरा' म्हणायचे, त्यामुळे तुला दुसरं कुणी सुचलंच नाही. मी दाराआड उभी होते. तू घर सोडून गेलास तो गेलासच.

काल यान घेऊन अप्पांपुढे गेले आणि कबूल केलं. त्यांनी मानही वर केली नाही.

"त्या दिवशी तुझ्या हातांना थिनरचा वास येत होता," म्हणाले.

मी यान खाली ठेवलं. "माहीत होतं, तर अण्णाला का नाही सांगितलं?"

"माझ्यावर रागावला तरी मी बापच राहतो. तुझ्यावर रागावला असता, तर मी गेल्यावर तुम्हा दोघांना एकमेकांशिवाय कोण होतं?"

एवढं बोलून ते ब्रश धुवायला गेले.

माझ्याशी बोलणं टाकायचं तर टाक, मी सोसेन. पण अप्पांशी बोल. सोमवारी खालची पायरी रिकामी ठेवतेय. यान मी मांडणार नाही, आणि पुसणार तर मुळीच नाही. ते तू येऊन ठेव.

नऊ वर्षं दाराआड उभी असलेली,
तुझी सुप्रभा