बाईंची काकडी

ऐक, आज माझी दुपारपाळी आहे. पोरगी शाळेतून आली की फ्रिजमधली काकडी तिला दे. बिस्किटांचा डबा वर ठेवलाय. तिने रडवेलं तोंड केलं तरी विरघळू नकोस.

शाळेत मुलांची वजनं आटोक्यात ठेवायचा उपक्रम सुरू झाल्यापासून घरात त्या खेळाच्या बाईंचंच कौतुक चाललंय. इतकी वर्षं मी काकडी घेऊन मागे पळाले, तेव्हा महाराणी तोंड फिरवायच्या. बाई नुसतं म्हणाल्या, ‘बघू, कुणाची जास्त कुरकुरते,’ की लगेच फडशा! वर तू म्हणतोस, बाईंच्या हाताला गुण आहे. माझ्या हाताला काय काटे आहेत?

काल मीही कुरकुर वाजवून दाखवली. ‘आई, तुला नाही येत,’ म्हणाली.

काकडी मी चिरली हे सांगू नकोस. बाईंनी पाठवलीय म्हण, म्हणजे संपवेल.