पावशा यंदा आलाच नाही

१२ मार्च, पहाट
प्रताप नगर सोडून हिंगणा रोडला, जंगलाच्या काठावर फ्लॅट घेतला तो पक्ष्यांसाठी. आता रिटायर झालो, प्लॅन पक्का. रोज गॅलरीत बसायचं, नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखायचे. वर्षभरात एक्सपर्ट.

३० मार्च
पळस फुलून गळून गेला. पक्षी गप्प. क्लायमेट चेंज. बायको अरुंधती म्हणते, कोकिळेनं डोकं उठवलंय. तिची कल्पनाशक्ती पहिल्यापासून दांडगी.

२० एप्रिल
शेजारचे रुपराव चिडले. "दरवाजा काहून नाही उघडला गा वसंतराव? कवापासून बेल वाजवून राहिलो."
बेल बिघडली आहे. इलेक्ट्रिशियन बोलावला. तो म्हणे, चांगली आहे. हल्ली काम येणारी माणसंच मिळत नाहीत.

१८ मे
कूलरच्या आवाजात पक्षी दबत असणार. बंद करून ऐकलं. तरी शांतता. अरुंधती घामाघूम, बोलत नाही. किंवा बोलत असेल.

६ जून
रुपराव म्हणाले, "पावशा सकाळपासून 'पेरते व्हा, पेरते व्हा' करून राहिला. तुमाले ऐकू नाही येत?"
शेतकरी माणूस. पेरणी जवळ आली की त्यांच्या कानात आपोआप वाजतं. वनखात्याला ईमेल केला: पावशा यंदा आलेला नाही, चौकशी व्हावी.

१५ जून
वनखात्यातल्या मॅडमचा फोन. गॅलरीतून बोललो. नेटवर्क खराब, काही कळेना. फोन अरुंधतीला दिला. तिनं ऐकून घेतलं, मग कानाशी येऊन सांगितलं, "त्या विचारतायत, तुमच्यामागे ओरडतोय तो पावशा नाही, तर कोण?"

२२ जून
कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. निव्वळ अरुंधतीच्या समाधानासाठी. मशीन लावा म्हणाले. साफ नकार दिला.

४ जुलै
गुपचूप मशीन आणलं. फक्त ट्रायल. अरुंधतीला सांगितलं नाही. गॅलरीत बसून लावलं. सगळे पक्षी एकदम ओरडत होते. एकही ओळखता आला नाही.
मागे दारात अरुंधती फोनवर होती, पुण्याच्या अदितीशी, आमच्या मुलीशी. "बोल गं, बाबा इथंच आहेत, त्यांना ऐकू येत नाही. नाही बाळा, तुझ्या बाळंतपणाला नाही जमणार. यांना कुकरच्या शिट्ट्या कळत नाहीत, एकटं कसं सोडू?"
फोन ठेवून ती रडली. अगदी हळू. तेही स्पष्ट ऐकू आलं. मशीन चांगलं आहे.
मग चहा ठेवू का, म्हणून तिनं ओरडून विचारलं. मी मशीन काढून खिशात टाकलं. बॅटरी वाचते. मग वळून म्हटलं, "काय म्हणालीस?"