जांभळ्या पट्ट्यासमोर

प्रिय ओटिलिया,

इतकी वर्षं तुझ्या पत्रांना चार ओळी खरडून मी मोकळी होत आले. आज सगळं लिहायचंय, आणि कुठून सुरुवात करू तेच कळेना.

आपल्याकडे आता खरे फादर आलेत गं! रोमने अख्ख्या ताजिकिस्तानचं एकच मिशन केलंय. आपली कॅथलिक माणसं मात्र शे-दोनशेसुद्धा नसतील. फादर लिसांद्रो अर्जेंटिनाचे, अगदी काटकुळे. शेजारची मुहब्बतआपा मला चिडवते, "तुमच्या मुल्लाला आधी पोटभर पुलाव घाला, मग नमाज पढवा!"

त्यांना मी आपली जुनी रीत सांगितली, सोव्हिएत काळात फादर ठेवायला बंदी होती तेव्हाची. तुरुंगात वारलेल्या फादरांच्या गळ्यातला जांभळा पट्टा टेबलावर ठेवायचा, एकेकट्याने आत जायचं आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून पापं बोलायची. बाकीचे अंगणात, आणि मी दाराशी, पोलीस येतोय का बघायला. ऐकताना फादरांचे डोळे भरून आले. माझी मान काही वर होईना.

कारण त्या ईस्टरच्या आधी, तू आत असताना, रस्त्यावर नजर ठेवायचं सोडून मी दाराला कान लावला होता. तू सैफिद्दीनचं नाव घेतलंस. ट्रॅक्टरवरचा सैफिद्दीन! कापूस वेचून झाला की त्याच्याबरोबर पळून जाणार होतीस. मी तडक तुझ्या आईकडे गेले. "मावशी, पोरीचा आत्मा वाचवा," म्हटलं. आत्म्याचं कसलं काय! मलाच तो आवडायचा, आणि माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. आठवड्यात तुझी रवानगी दूर कझाकस्तानात, कारागांडाला झाली, आणि मग त्या दारुड्या हाइनरिखशी लग्न. लाज वाटते गं, फार लाज वाटते.

फादरांना मी हे सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "देवाकडे मी तुमच्यासाठी क्षमा मागेन. तिच्याकडे तुम्हालाच मागावं लागेल." तरी महिनाभर मी टाळलं. काल तुझ्या लेकीचं पत्र आलं. तू अंथरुणाला खिळलीयस, आणि तिथल्या फादरांना खोलीत पाऊल टाकू देत नाहीस. म्हणतेस, "मी फक्त देवालाच सांगितलं होतं, आणि त्याने माझी चहाडी केली." ओटिलिया, तो गप्पच होता गं. चहाडी मी केली. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण फादरांना आत येऊ दे.

तुझीच, मैत्रीण म्हणवून घ्यायच्या लायकीची न उरलेली,
क्लेमेंटिना