दादाच्या दुकानाचं नाव

कुळगाव, बदलापूर
२२ सप्टेंबर २०२५

ती. सुदामदादास,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच तोडलं असतंस, म्हणून लिहून रिद्धीच्या हाती पाठवते.

आमच्या महिला मंडळाने वर्षभर कोवळ्या पोरांच्या दारूविरुद्ध मोहीम चालवली, हे तुला ठाऊक आहे. फेऱ्या काढल्या, पथनाट्यं केली, बदलापूर-अंबरनाथच्या दुकानांत वयाचे फलक लावले. त्याचा उपयोग किती झाला, ते गांधीजयंतीच्या सभेत मला सांगायचंय. म्हणून गेल्या आठवड्यात दुकानं तपासली. आपली रिद्धी एकोणीसची. बिअरलाही एकवीस पूर्ण लागतात. तिने आत जाऊन बाटली मागायची आणि काउंटरवर आली की तिथेच ठेवून निघायचं. मी बाहेर उभी. तुझी बिअर शॉपी वगळू म्हटलं, तर पोरगी अडून बसली. म्हणाली, "मामाला वगळलंस तर मी कुठेच जाणार नाही."

तुझ्या नव्या नोकराने, मुकेशने, तिला ओळखलं नाही. वयही विचारलं नाही. उलट, ठंडी दूं क्या, म्हणाला.

बहुतेक दुकानांनी बाटली काढून दिली; त्यांची नावं मी सभेत वाचणार आहे. तुझंही. ते आधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो यापुढेही टिकू दे.

तुझी,
सुनेत्रा


अंबरनाथ
२५ सप्टेंबर

चि. सौ. सुनेत्रास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी हसली. मला हसू आलं नाही. त्या दिवशी मी दुकानात नव्हतो. तुमचा फलक मात्र मीच स्टुलावर चढून लावला होता. भाचीला पाठवून मामाला पकडायचं, हे कुठलं समाजकार्य? मुकेशला झापलं. तो म्हणतो, कार्ड मागितलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. ते खोटं नाही.

आणि तुझं काय? सभेला येणारे माजी नगरसेवक मोहीम यशस्वी झाली म्हणून तुला शाल घालणार आहेत. बहुतेक दुकानांनी पोरीला बाटली दिली, हे तूच वाचलंस तर नाक तुझंही कापलं जाईल. शाल घे आणि गप घरी जा.

माझं नाव वाचलंस तर भाऊबीजेला वाट पाहू नकोस. आशीर्वाद तेवढे चालू राहतील, ते काही मी बंद करणार नाही.

सुदाम


कुळगाव
४ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

वाचलं.

आधी आमचंच अपयश वाचलं. फेऱ्यांनी आणि फलकांनी फारसं काही बदललं नाही. फरक पडला तो फक्त आमच्या मंडळातल्या काशीताईंच्या गल्लीत. तिथे बायका रोज संध्याकाळी दुकानासमोर खुर्च्या टाकून बसतात. तिथे रिद्धीला बाटली मिळाली नाही. पण तिथली पोरं आता पुढच्या चौकात जातात, हेही लपवलं नाही.

मग दुकानांची नावं घेऊ लागले. पाहुणे कानाशी येऊन म्हणाले, ताई, चांगलं चांगलं सांगा, लोक टाळ्या वाजवायला आलेत. मी माइक सोडला नाही. तुझंही नाव घेतलं. शाल पिशवीतून बाहेरच आली नाही. मला तिचं काही वाटत नाही. मंडळातल्या दोघी मात्र माझ्याशी बोलत नाहीत.

भाऊबीजेला तू येऊ नकोस. मीच ताट घेऊन दुकानावर येते, गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहते. मुकेशला म्हणावं, माझंही वय विचार.

राग काढायचा तो माझ्यावर काढ, रिद्धीवर नको.

सुनेत्रा


अंबरनाथ
१७ ऑक्टोबर

चि. सौ. सुनेत्रास आशीर्वाद.

राग गेलेला नाही. आजूबाजूचे दुकानदार मला बघून हसतात. त्यांचीही नावं वाचली गेली, हे विसरतात.

आता संध्याकाळी काउंटरवर मीच बसतो. परवा गाडी घेऊन पोरं आली, मिसरूडही नीट न फुटलेली. कार्ड मागितलं, तर एकाने बापाला फोन लावून माझ्या हातात दिला. बाप म्हणाला, देऊन टाका, माझी परवानगी आहे. मी म्हटलं, "तुमची असेल. माझी नाही." जाताना त्यांनी दगड मारला, तुमचा फलक फुटला. दुसरा पाठव, जरा जाड.

गिऱ्हाईक तुटलंय. मुकेश कुरकुरतो, पण कार्ड मागतो.

ताट घेऊन दुकानात येऊ नकोस, माझी शोभा होईल. भाऊबीजेला वहिनीला घेऊन मीच येतो. आणि रिद्धीला आता सगळे ओळखायला लागलेत. तिच्या कॉलेजातल्या दुसऱ्या कुणाला तरी माझ्या दुकानात पाठवत जा. कधी ते मला सांगू नकोस.

तुझा,
दादा