हात न लावण्याचे तीस दिवस

३ मार्च, सोमवार

१. फिजिक्सची डॉक्टरेट पूर्ण झाली. पाच वर्षं दहा महिने, सगळी एका निर्वात पेटीशेजारी.
२. जुने सर म्हणाले, इथंच थांब. मी नाही म्हटलं. तिथलं शिकण्यासारखं संपलं होतं.
३. आज जीवशास्त्राच्या लॅबमध्ये रुजू झाले.
४. नव्या मॅडमची अट: पेशींची एक डिश तीस दिवस एकटीनं जगवून दाखव, मग नोकरी पक्की.

अट ऐकून हसू आवरलं.

आईला फोन केला. ती म्हणाली, खिडकीतली कुंडी तुझ्या हवाली केली होती, तिचं काय झालं ते सांगितलंस का त्यांना? कुंडी हा वेगळा विषय आहे.

७ मार्च, शुक्रवार, संध्या. ५.४०

पेशी ३७ अंशांच्या कपाटात ठेवतात. त्यांचं खाणं म्हणजे एक गुलाबी द्रव. शिळं झालं की पिवळं पडतं, म्हणून रोज बदलायचं. शनिवार-रविवारीसुद्धा? लॅब सांभाळणाऱ्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, पोट कधी सुट्टी घेतं का गं? जीवशास्त्रात पुरावा असा देतात.

माझा अनुभव: निर्वात पेटी शुक्रवारी बंद करावी, सोमवारी निर्वाताचा सर्वांत चांगला आकडा मिळतो. कारण मध्ये कोणी हात लावत नाही. तत्त्व सगळीकडे लागू आहे. कपाट बंद केलं, घरी आले.

१० मार्च, सोमवार, स. ९.०५

द्रव पिवळा असायला हवा होता. गुलाबी आहे. पेशी टवटवीत. म्हणजे त्रास दिला नाही तर पेशी आपलं आपण बघतात. इतक्या वर्षांत इथं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यासाठी बाहेरून आलेल्या माणसाची नजर हवी.

काकू म्हणाल्या, दारामागची वही वाचत जा. कपाटाला कोणी, केव्हा हात लावला याची ती वही. सुट्टीत मी लावतच नाही, तर वाचायचं काय?

१७ मार्च, सोमवार

पुन्हा गुलाबी. योगायोग बाद.

२४ मार्च, सोमवार

तिसऱ्यांदा. आलेख काढला. बिंदू तीनच, पण सरळ रेषेत. काकूंसाठी अर्ध्या तासाचं व्याख्यान तयार केलं आहे: ‘हात न लावण्याचे फायदे’. त्या म्हणाल्या, बहिणीकडे जाऊन आले की ऐकते, शुक्रवारपासून तीन दिवस नाहीये मी; तुझ्या पोरांकडे बघशील ना? म्हटलं, त्यांना माझी गरज नाही.

३१ मार्च, सोमवार, स. ९.०५

पिवळं.

९.२०. वीज गेली असणार.

९.३५. गेली नव्हती. कपाट ३७.०.

९.५०. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. दोष सूक्ष्मदर्शकात नाही. सगळ्या मेल्या आहेत.

११.००. दारामागची वही वाचली. ८, ९, १५, १६, २२, २३ मार्च. प्रत्येक ओळीत काकूंची सही आणि एकच वाक्य: ‘नव्या मुलीच्या पेशींना खायला घातलं.’

काकू परतल्या होत्या. म्हणाल्या, मला वाटलं, नवी आहे, विसरत असेल. कशाला चारचौघांत बोलायचं? मी विसरत नव्हते, तो सिद्धांत होता, हे सांगणं टाळलं.

२ एप्रिल, बुधवार

मॅडम म्हणाल्या, पेशी काकूंनी जगवल्या, आणि त्यांची नोकरी पक्कीच आहे. मला आणखी तीस दिवस मिळाले, शेवटचे. त्यानंतर काकूंनी सही केली तरच मी इथं.

जुन्या सरांना सहज फोन केला. माझी जागा भरली. सहजच केला होता.

आईला सांगितलं. कुंडीचा विषय तिनं काढला नाही. ते जास्त लागलं.

व्याख्यान रद्द. काकूंच्या कप्प्यात चिठ्ठी ठेवली. नक्कल:

काकू, रविवारी तुम्ही किती वाजता येता? मलाही यायचं आहे. शुक्रवार, ४ एप्रिलपर्यंत कळवा.